मिठीत न मावणारा ओंडका पोर्टेबल सॉ मिलवर कसा कापायचा (नवख्यांसाठी, सातारा-सांगलीकडच्या अनुभवावरून)

बांधावरची जुनी चिंच वादळात पडते, नाहीतर घर बांधायला आंबा काढावा लागतो, आणि मग घरात विषय निघतो की एवढं लाकूड जळणाला कशाला घालवायचं, फळ्या पाडू. वखारीत फोन केला तर तिथला माणूस पहिलं विचारतो घेर किती, आणि १३ फूट म्हणलं की तो म्हणतो आमच्या ट्रॉलीवर बसत नाही, तुकडे करून आणा. तुकडे केले की टेबलाची फळी गेली. तिथून पोर्टेबल मशीनचा शोध सुरू होतो, माझाही तसाच झाला होता. मी कोरेगाव तालुक्यातला, आता बरीच वर्षं हे काम करतोय आणि नवीन पोरं सारखी तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मशीन चालवणं दोन दिवसात येतं, ओंडका वाचायला मात्र वेळ लागतो, म्हणून खाली करवतीपेक्षा ओंडक्याबद्दलच जास्त सापडेल.

आधी कागद. हे लिहायला कंटाळा येतो पण वाचताना गाळू नका. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे, त्याच्या यादीत सागवान, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, चंदन, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत, ती स्वतःच्या रानात असली तरी परवानगीशिवाय तोडायची नाहीत. झाड आपोआप पडलं असेल तर फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि मगच हात लावा. ओंडका गाडीत घालून हलवायचा असेल तर वाहतूक परवान्याचं आधी विचारा, नाहीतर नाक्यावर गाडी उभी राहते आणि हायड्राचं, म्हणजे उचलायच्या क्रेनचं, भाडं चालूच. आणि मशीन विकत घ्यायचा विचार असेल तर पैसे भरायच्या आधी वनक्षेत्रपाल ऑफिसात लेखी अर्ज करून विचारा. जंगलतोडीवरच्या १९९६ च्या गोदावर्मन केसपासून सुप्रीम कोर्टाची सॉ मिलवर कडक नजर आहे, विनापरवाना मिल चालवता येत नाही, आणि आपलं मशीन चाकावर आहे म्हणून त्याला काही लागत नाही असं विकणारा सांगेल, त्याच्यावर जाऊ नका.

आता ओंडका. टेप घ्या आणि मधोमध घेर मोजा. आपल्याकडे वखारीत घनफूट काढतात ते असं, घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. १३ फूट घेर आणि ९ फूट लांबी असेल तर सव्वातीन गुणिले सव्वातीन गुणिले ९, म्हणजे ९५ घनफूट. पण हा हिशोब व्यापाराचा आहे, खरं लाकूड त्यात १२१ घनफूट भरतं, कारण या पद्धतीत गोल ओंडक्याचा पाचवा हिस्सा कापणीची नुकसानी म्हणून आधीच सोडलेला असतो. विकताना व्यापाऱ्याचा हिशोब चालेल, उचलताना खरा धरायचा. १२१ घनफूट म्हणजे साधारण साडेतीन घनमीटर, आणि ओली चिंच घनमीटरला टनाच्या आसपास बसते, म्हणजे तुमच्या समोर साडेतीन टन पडलंय. चार गडी आणि दोन पहारी घेऊन हे हलत नाही, आणि हललंच तर थांबत नाही, उताराच्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही. जेसीबीने लोटता येतो, उचलायला हायड्राच बोलवा. आणि शक्य असेल तर उचलूच नका, मशीन ओंडक्यापाशी न्या, पोर्टेबल घेतलंय ते त्यासाठीच.

घेर मोजला की ओंडक्याभोवती निवांत एक चक्कर मारा. मी दोन मारतो, एक चहाच्या आधी आणि एक नंतर. हातोडीने ठोकत जायचं, ठणठण आवाज आला तर भरीव, बद्द आला तर आत पोकळ. जुन्या चिंचा आतून पोकळ असतातच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त फळ्या कुठून निघतील ते बदलतं. तोंडावर गाभ्यातून गेलेल्या चिरा बघा, सगळ्यात मोठी चीर कुठल्या दिशेने गेलीय ते खडूने मार्क करा, पुढे ती लागणार आहे. झाड ज्या बाजूला कललेलं होतं ते मालकाला विचारून घ्या. कललेल्या बुंध्यात आणि आडव्या फांदीत ताण भरलेला असतो, करवत आत गेली की फळी धनुष्यासारखी वर येते. फांदी कितीही जाड असली तरी तिच्या लांब फळ्या काढायचा नाद करू नका, ठोकळे करा.

आणि लोखंड! यावर मी तासभर बोलू शकतो. आपल्याकडचं बांधावरचं किंवा घराजवळचं झाड बिनखिळ्याचं असेल यावर माझा विश्वासच नाही. कुणी कंदील टांगायला खिळा मारलेला असतो, कुणी तार ताणलेली असते, निवडणुकीचे बोर्ड असतात, देवाचा फोटो असतो. मेटल डिटेक्टर मिळाला तर वापरा पण स्वस्तातला दोन-चार इंचाच्या पुढं बघत नाही, आणि चार फुटी झाडात ८० वर्षांपूर्वीचा खिळा हातभर आत गेलेला असतो. खरी खूण लाकूडच देतं. चिंच, बाभूळ, जांभूळ यांच्यात टॅनिन असतं, ओल्या लाकडात लोखंड राहिलं की त्याच्याभोवती निळसर काळा डाग पडतो आणि तो लाकडाच्या उभ्या दोऱ्यांच्या दिशेने वर-खाली पसरत जातो, शाई सांडल्यासारखा. तोंडावर असा डाग दिसला की आत लोखंड आहे असं धरून चालायचं. चिंचेचा गाभाही गडद असतो म्हणून माणूस फसतो, पण गाभ्याचा रंग तपकिरी-जांभळट आणि मधोमध, हा डाग निळा आणि कुठंही एका कडेला.

मी फसलोय. सुरुवातीच्या दिवसात एका गावात चिंच कापत होतो, बुडाच्या तोंडावर हाताच्या पंजाएवढा निळा पट्टा, मी बघितला, मालक म्हणाला चिंचच ती, काळी असणारच, आणि मलाही तेच ऐकायचं होतं कारण दुपार टळत आलेली. तिसऱ्या कापाला खाडकन आवाज, ठिणगी, बँडचे, म्हणजे मशीनच्या पट्टीसारख्या करवतीचे, १०-१२ दात साफ. कुऱ्हाड आणि छिन्नी घेऊन उकरलं तर आतून निघाली दावणीची कडी, खुंट्यासकट, अंगठ्याएवढ्या जाड लोखंडाची. मालकाची आई पायरीवर बसलेली, ती म्हणाली आगं बाई, ही आमच्या सासऱ्यांनी बैल बांधायला ठोकलेली. म्हणलं आजी, हे सकाळी सांगितलं असतं तर! तेव्हापासून मी काम सुरू करायच्या आधी मालकाला विचारत नाही, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारतो, इथं काय बांधायचा, काय टांगायचा.

लोखंडानंतर माती. काळ्या रानातून ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत रेव आणि चिखल घट्ट बसलेला असतो आणि तो करवतीची धार पाच मिनिटात घालवतो. फवारणीचा एचटीपी पंप असतो ना, त्याने धुवून घ्या, आणि करवत जिथून आत शिरणार तेवढ्या पट्ट्याची साल कुऱ्हाडीने काढून टाका. सगळी साल सोलत बसायची गरज नाही.

आता मशीनची मर्यादा. जाहिरातीत लिहिलेलं असतं ३६ इंची ओंडका चालतो, ते खोटं नसतं पण अर्धवट असतं. ओंडका किती जाड बसतो हा एक आकडा आणि एका कापाची रुंदी किती हा दुसरा, आणि दुसरा कायम कमी असतो, बऱ्याच मशीनला २६-२८ इंचच. आपला १३ फूट घेराचा ओंडका म्हणजे व्यास जवळपास ५० इंच. म्हणजे तो अख्खा मशीनवर जात नाही, आणि नवख्यांचा सगळा गोंधळ इथंच होतो. अर्धा केला तर बसेल असं वाटतं, पण अर्ध्याचा सपाट भागसुद्धा ५० इंचच रुंद राहतो! चार भाग करावे लागतात, मग प्रत्येक भागाच्या दोन सपाट बाजू २५-२५ इंचाच्या होतात आणि तो आरामात बसतो.

चार भाग की अख्ख्या रुंद फळ्या, हे गिऱ्हाईक बघून ठरवायचं. रुंद डायनिंग टेबल, हॉटेलचं काउंटर असं काही हवं असेल तर चेनसॉ मिल, म्हणजे मोठी चेनसॉ आणि तिला फ्रेम, ओंडका जमिनीवर जिथं आहे तिथंच आडवा कापत जायचं. घरकाम, चौकटी, कपाट असेल तर चार भाग करून बँड मशीन. बँडचा काप २-३ मिलिमीटर लाकूड खातो, चेनसॉ ८-१० मिलिमीटर. १० काप घेतले की चेनसॉने चार इंचाच्या आसपास लाकडाचा भुसा केलेला असतो, म्हणून गरज नसताना चेनसॉ मिलने सगळं कापायची हौस परवडत नाही. झाड कुठलं तेही बघा. तूणाचं जुनं मोठं खोड हाताला लागलं तर कापायच्या आधी मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन या, तिथली सतार आणि तानपुरा यांना २०२४ मधे जीआय मानांकन मिळालंय आणि त्या कारागिरांना कुठल्या जाडीचे, कुठल्या दिशेचे तुकडे लागतात ते तेच सांगू शकतात, तुम्ही एकदा इंचाच्या फळ्या पाडल्या की त्यांच्या दृष्टीने ते संपलं. चिंचेला खाटीक मागतात, ठोकळ्यासाठी, कारण तिचे दोरे एकमेकात गुंतलेले असतात आणि सुऱ्याच्या घावाने फुटत नाहीत. तोच गुण फळी कापताना डोकेदुखी होतो.

चार भाग असे करायचे. दोन्ही तोंडांवर ओळंबा धरून गाभ्याच्या मध्यातून उभी रेघ मारा. मघाशी मोठी चीर मार्क केली होती ती आठवा, ओंडका थोडा फिरवून रेघ त्या चिरेवरच येईल असं बघा, म्हणजे जे लाकूड फुटलेलंच आहे तेच कापात जाईल आणि चांगल्या भागात चीर राहणार नाही. वरून गेरूच्या दोरीने सूत मारून दोन्ही रेघा जोडा. मग रिपिंग चेन, म्हणजे उभं चिरायची चेन, लावलेली मोठी चेनसॉ, चेन १० अंशाची धार केलेली, नेहमीची तोडायची चेन उभ्या दोऱ्यात रडत जाते. वरून अर्ध्यापर्यंत काप घ्या, मागे मागे लाकडी पाचरी ठोकत या म्हणजे बार चिमटणार नाही, मग ओंडका उलटा करून दुसऱ्या बाजूने. दोऱ्यांच्या दिशेने कापताना भुसा बारीक न येता शेवयांसारखा लांब निघतो आणि चेनच्या कव्हरमधे गोळा होतो, दर दोन-तीन मिनिटांनी थांबून, इंजिन बंद करून तो काढायचा, चालू मशीनमधे बोट घालणारे मी बघितलेत. शेवटचा हातभर काप राहिला की दोन्ही भागांना बाहेरून ठोकळे लावा, कारण प्रत्येक अर्धा पावणेदोन टनाचा आहे आणि सुटला की तो तुमच्या बाजूला पडायचं की पलीकडं हे विचारत नाही. अर्ध्याचे पुन्हा दोन तसेच, हे काम त्यामानाने सोपं.

रुंद फळ्याच काढायच्या असतील तर थोडं वेगळं. बार किती इंची घ्यायचा? ओंडक्याच्या व्यासात निदान ६ इंच वाढवा, कारण फ्रेमचे क्लॅम्प तेवढी जागा खातात, म्हणजे ५० इंचाला ५६ च्या वरचा बार आणि तो ओढायला ९० सीसीच्या वरचं इंजिन. छोट्या मशीनला लांब बार लावून काप होतो असं दाखवणारे व्हिडिओ पाइनच्या लाकडाचे असतात, चिंचेचे नाही. पहिला काप सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढचे सगळे काप त्याच्यावर टेकून जातात. ओंडका वरून गोल असतो, फ्रेमला टेकायला सपाट जागा नसते, म्हणून सरळ अॅल्युमिनियमची शिडी किंवा दोन लोखंडी अँगल वर स्क्रूने बसवायचे आणि त्यांच्यावरून फ्रेम सरकवायची. अँगल एका पातळीत आहेत का ते दोन्ही टोकांना पाणसळ ठेवून बघा, एका अँगलचं एकच टोक पाव इंच खाली असेल तर ओंडक्यातली प्रत्येक फळी पीळ घेऊन निघेल, आणि ते शेवटपर्यंत सुधारत नाही. या सेटिंगला मी दीड तास घालवतो आणि मालक शेजारी उभा राहून म्हणतो अजून सुरू नाही का केलं. बोलू दे.

आणखी एक, बुंधा बुडाशी जाड आणि शेंड्याकडे बारीक असतो. गाभा जमिनीपासून बुडाशी २५ इंचावर आणि दुसऱ्या टोकाला २१ वर असेल तर बारीक टोक ४ इंचाने उचलून खाली ठोकळे द्या, म्हणजे काप गाभ्याला समांतर जातील. नाहीतर गाभा तिरका चार-पाच फळ्यांमधून फिरतो आणि त्या सगळ्या मधे फाटतात.

काप सुरू करायच्या आधी टाकी फुल, चेन धारदार, वारा पाठीमागून नाहीतर बाजूने. तुम्ही वाकून, अर्धा वेळ गुडघ्यावर, एक्झॉस्टच्या जवळ असणार, वारा तोंडावर असेल तर पंधरा मिनिटात डोकं गरगरतं. जोर लावायचा नाही, चेन धारदार असेल तर मशीन स्वतःच्या वजनाने जातं. पीठासारखा बारीक भुसा यायला लागला की धार गेली, थांबा आणि लावा. मागे दर दोन फुटांवर पातळ पाचरी कापात सरकवत जायच्या, नाहीतर वरची फळी, जी दोन-तीन माणसांनाही उचलत नाही, ती बारवर बसते. कानाला मफ, डोळ्याला गॉगल, नाकाला मास्क, पायात जाड बूट. उपरणं, सैल बाही, लुंगी घालून आलेल्या माणसाला मशीनच्या दहा फूट लांब बसवा, मग तो मालक का असेना.

बँड मशीनवर चार भागांपैकी कुठलाही भाग चढवण्याआधी मशीनचा पाया बघा. काळ्या जमिनीवर मशीन सकाळी पातळीत लावलेलं असतं आणि ८०० किलोचा तुकडा चढवला की एक पाय खचतो, म्हणून खाली रुंद फळकुटं द्या आणि तुकडा चढवल्यावर पातळी पुन्हा तपासा. सपाट बाजू खाली, क्लॅम्प घट्ट पण करवतीच्या वाटेत नाही, हे हाताने पूर्ण वाट फिरवून बघायचं. आपल्याकडच्या जड लाकडाला १० अंशाचा, म्हणजे पुढे तेवढा कललेला, दात फार आक्रमक होतो, ७ किंवा ४ अंशाचा बँड घ्या. बँडवर पाण्याची धार, त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, बास. एका सपाट बाजूवरून दोन-तीन फळ्या काढल्या की तुकडा दुसऱ्या सपाट बाजूवर फिरवा, मग तिथून दोन-तीन, असं आलटून पालटून. यात दोन फायदे, ताण दोन्हीकडून सारखा सुटतो, आणि वर्षांच्या रेघा फळीच्या जाडीत उभ्या येतात, असली फळी कमी वाकते. फळीवर पाण्यासारख्या लाटा दिसल्या तर बँड बोथट झालाय, ताण कमी आहे नाहीतर तुम्ही घाई करताय, बहुतेक वेळा तिसरं. सागाला वेगळा हिशोब, त्याच्यात बारीक सिलिका असते, कापायला मऊ वाटतो पण धार खातो, बँड जास्तीचे ठेवा. काम थांबवलं की बँडचा ताण सैल करायला विसरू नका.

जाडी किती? ओलं लाकूड वाळताना आटतं, आणि फळी रंधून सरळ करताना अजून जातं. दोन इंची टेबल हवं असेल तर अडीच कापा. मधली गाभ्याची फळी वेगळी ठेवा, ती मधून फाटणारच, तिचे उभे दोन करून घेतलेले बरे.

कापून झालं की गडी घरी जायची घाई करतात, पण त्याच संध्याकाळी फळ्यांच्या दोन्ही तोंडांना मेण नाहीतर जुना ऑइल पेंट दोन हात मारायचा, उद्यावर टाकायचं नाही. तोंडाकडून पाणी सगळ्यात जोरात उडतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. आंब्याला त्याच आठवड्यात बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्याने सगळीकडून भिजवून घ्या, नाहीतर पावसाळ्यात निळी बुरशी आणि मागोमाग भुंगा, फळीतून पीठ गळायला लागतं. आंबा म्हणूनच मी दिवाळीनंतर कापतो, ओला आंबा जूनमधे कापून ठेवणं म्हणजे भुंग्याला जेवणाचं आमंत्रण.

थप्पी लावताना खाली जमिनीपासून फूटभर उंच, एका पातळीत ठोकळे, प्रत्येक फळीमधे इंचाच्या वाळलेल्या पट्ट्या, दीड-दीड फुटावर, आणि सगळ्या पट्ट्या एकाखाली एक ओळंब्यात. पट्टी एक जरी सरकलेली असली तर फळी तिथं कायमचा बाक धरते. वर पत्रा, पत्र्यावर वजन, बाजू उघड्या. जत, आटपाडीकडे एप्रिल-मेचा गरम वारा थेट थप्पीतून गेला तर लाकूड बाहेरून झटक्यात वाळतं आणि आत ओलं राहतं, मग तडे, तिकडे थप्पीच्या दोन बाजूंना उन्हाळ्यापुरती बारदानं लावा. पाटण, कोयनेकडे उलटं, पावसाळाभर हवा दमट, तिथं बारदान लावलं तर बुरशी येईल. वाळायला इंचाला एक वर्ष असा जुना हिशोब आहे, म्हणजे अडीच इंची चिंचेला अडीच-तीन वर्षं. मॉइश्चर मीटरवर आकडा १२ टक्क्यांच्या आसपास येऊन दोन महिने तिथंच थांबला की सुताराला फोन करा, त्याच्या आधी नाही, सुतार कितीही म्हणू दे की चालतंय.

त्या दावणीच्या कडीच्या चिंचेची तिसरी फळी अजून थप्पीत आहे. कडीच्या जागी वाटीएवढं भोक आणि भोवती निळा डाग, मालकाला ती फेकायची होती, आजींनी ठेवायला लावली.